टॉवर सिम्युलेटर: क्रॉस होणारे रनवे मस्त जमलेत, पण शेजारचा कंट्रोलर कुठंय?

गेले दोन महिने जवळपास रोज रात्री हा टॉवर कंट्रोलचा, म्हणजे टॉवरमधून विमानांना टेकऑफ-लँडिंगची परवानगी देण्याचा सिम्युलेटर खेळतेय. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी पण लिहायच्यात. मी तो घेतला फक्त एका गोष्टीसाठी, एकमेकांना छेदणारे रनवे. वारा कायम एकाच दिशेने येत नाही म्हणून जुन्या एअरपोर्टवर वेगवेगळ्या दिशांचे रनवे बांधले गेले, आणि जागा कमी असेल तिथे ते एकमेकांना कापून जातात. म्हणजे चौकच झाला तो, फक्त सिग्नल नसलेला.

आधी चांगलं सांगते. तिसऱ्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली. एका रनवेवर बोईंग ७३७ ला टेकऑफ दिला आणि अर्ध्या मिनिटात आडव्या रनवेवरच्या मोठ्या विमानालाही देऊन बसले, दोन्ही विमानांच्या स्ट्रिप, म्हणजे माहितीच्या पट्ट्या, डोळ्यांसमोर होत्या तरी. टॉवरच्या काचेतून दोन्ही विमानं एकाच ठिपक्याकडे सरकताना दिसतात आणि ते इतकं संथ वाटतं की अजून वेळ आहे असंच वाटत राहतं, पण जमीन सोडताना विमान सेकंदाला सत्तरेक मीटर कापत असतं, मी "स्टॉप" म्हणेपर्यंत ७३७ चौकात पोचलेलं होतं. हात गार पडले माझे. त्या रात्री पुन्हा चालू नाही केला.

नियमही नीट बसवलेत. पहिलं विमान चौक ओलांडून गेल्याशिवाय दुसऱ्याने रोल, म्हणजे टेकऑफची धाव, सुरू करायचा नाही, पहिलं उतरणारं असेल तर ते चौकाच्या अलीकडे थांबलेलं किंवा रनवेबाहेर गेलेलं पाहिजे. चुकलात की लगेच लाल पट्टी येते. वारा फिरला की अख्खी मांडणी बदलते, ते पण झकास केलंय.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. यात दोन्ही रनवे माझ्या एकटीच्या हातात असतात, शेजारी कोणीच नाही. ९ जून २००५ ला बॉस्टनच्या लोगन एअरपोर्टवर जे झालं ते दोन कंट्रोलरमध्ये झालं. रनवे १५ राइटवर एअर लिंगस कंपनीचं मोठं एअरबस ए३३० होतं, त्याला छेदणाऱ्या रनवे ९ वर यूएस एअरवेजचं ७३७, आणि दोन्ही रनवे वेगळ्या कंट्रोलरकडे. १५ वाल्याने ९ वाल्याकडून रीतसर रिलीज, म्हणजे विमान सोडायची परवानगी, मागितला, त्याला मिळाला, त्याने ए३३० ला सोडलं. पाचेक सेकंदांत ९ वाल्याने पण आपलं ७३७ सोडलं, आपण रिलीज दिलाय हेच डोक्यातून गेलं होतं. दोन्ही विमानं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे पायलटना एकमेकांचं काही ऐकू आलं नाही, आणि मधे टर्मिनलच्या इमारती, त्यामुळे सुरुवातीला दिसलंही नाही. ७३७ च्या को-पायलटला समोर ए३३० नाक उचलताना दिसलं, त्याने कंट्रोल कॉलम पुढे ढकलला आणि कॅप्टनला ओरडून सांगितलं की खालीच ठेव. ए३३० डोक्यावरून गेलं. दोन्ही विमानांत मिळून ३८१ माणसं होती. मग तिथे नियम केला की १५ वरचं विमान चौक पार करेपर्यंत ९ वर कोणाला लाईनअपसुद्धा करायचं नाही, म्हणजे टेकऑफसाठी रनवेवर आणून उभंही करायचं नाही. हा सगळा गाभा, मागणं, देणं, दिलेलं लक्षात ठेवणं, गेममध्ये औषधालाही नाही.

दुसरं म्हणजे रेडिओ. इथे प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. १९ नोव्हेंबर १९९६ ला क्विन्सी, इलिनॉयला टॉवर नव्हता, पायलट एकमेकांशी बोलूनच ठरवायचे. आडव्या रनवेवर उतरणाऱ्या बीचक्राफ्ट १९०० या छोट्या प्रवासी विमानाच्या कॅप्टनने विचारलं की रनवे ४ वरचं विमान (ते किंग एअर होतं) थांबणार आहे का निघणार आहे, उत्तर आलं ते त्याच्या मागे उभ्या छोट्या चेरोकी विमानाकडून, आणि त्यातला काही भाग कॉकपिटमधल्या "टू हंड्रेड" या उंचीच्या कॉलखाली दबला. कॅप्टनला वाटलं पुढचं किंग एअरच बोललं. ते बोललंच नव्हतं, ते निघालं होतं. दोन्ही विमानांतली १४ माणसं गेली.

आणि गेममधले पायलट फारच शहाणे आहेत, लाईनअप सांगितलं की लाईनअपच करतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये परत लोगनलाच लिअरजेट या छोट्या जेटला लाईन अप अँड वेट, म्हणजे रनवेवर येऊन थांब, सांगितलं होतं, पायलटने रीडबॅकही बरोबर दिला, म्हणजे सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवली, आणि तरी तो टेकऑफला निघाला, आडव्या रनवेवर जेटब्लू कंपनीचं विमान उतरतच होतं, त्याला जमिनीपासून जेमतेम ३० फुटांवरून परत वर जावं लागलं. असं एखादं विमान महिन्यातून एकदा तरी टाका ना, कंट्रोलरची नजर त्यासाठीच तर हवी.

पाचपैकी साडेतीन देते. घ्यायचा असेल तर घ्या, पण एकट्याने खेळू नका. मी आता धाकट्या भावाला शेजारी बसवते, एक रनवे त्याचा, एक माझा, सोडायच्या आधी मोठ्याने विचारायचं. काल रात्री मी म्हटलं, "सोडू का?" तो म्हणाला, "सोड, ताई." मी सोडलं. चौक अजून पुढे होता, आणि तो मान खाली घालून आपल्या विमानाला टेकऑफ देत होता.