ड्रोन फवारणी सर्व्हिस: चार एकर पऱ्हाटी अन् धुऱ्यावरची एअर टॅक्सी

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचातले साडेतीन. कापलेले दीड कशाचे ते खाली आहेच.

आमची चार एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे यवतमाळ जिल्ह्यात, काळी जमीन, झडी लागली की वावरात पाय टाकायची सोय नाई. ऑगस्टात तुडतुडे (पानाचा रस शोषणारी कीड) चढले अन् पंप पाठीवर घ्यायले माणूस भेटेना. मजुरांचंही चूक नाई म्हणा, २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते, तेव्हापासून घरची बाई नवऱ्याले फवाराले जाऊ देत नाई. म्हणून तालुक्यावरून ड्रोनवाल्याले फोन केला. एकरी ४५० रुपये, औषध आपलं.

पोरगा वेळेवर आला, पिकअपमध्ये ड्रोन, बॅटऱ्या अन् एक जनरेटर. लायसन दाखव म्हटलं तर न चिडता रिमोट पायलटचं सर्टिफिकेट दाखवलं, हे आवडलं. १० लिटरची टाकी, एक एकर सात-आठ मिनिटात. हेच पाठीवरच्या पंपानं करायचं तर एकरी आठ-दहा पंप लागते अन् अर्धा दिवस जाते. अन् मुख्य म्हणजे औषधाच्या धुक्यातून माणूस चालतच नाई, निंबाखाली उभा राहून रिमोट फिरवते. माझे पैसे यासाठीच वसूल.

आता तक्रार. दाटलेल्या पऱ्हाटीत पानाच्या खालच्या बाजूले औषध नीट पोचलं नाई, अन् तुडतुडे तर तिथंच बसते. निंबाजवळच्या दोन ओळी तशाच सुटल्या. वारा सुटला तर दीड तास थांबला (थांबला ते बरोबरच केलं, शेजाऱ्याच्या सोयाबीनवर गेलं असतं तर भांडण मले निस्तरावं लागलं असतं). पण खरी गोची बॅटरीची. दर टाकीले बॅटरी बदला, उतरलेली बॅटरी एवढी गरम की थंड झाल्याशिवाय चार्जिंगले लावता येत नाई, तिसऱ्या एकरापासून आम्ही नुसते बसून. बॅटरीवर उडते म्हणून कौतुक अन् धुऱ्यावर (बांधावर) पेट्रोलचं जनरेटर धडधडते, बाबा तर हसूनच राहिले.

बसल्या बसल्या पोरानं मोबाइलवर एअर टॅक्सीचा व्हिडिओ दाखवला, असंच बॅटरीवर उडणारं मोठं यंत्र, आत माणसं. "काका, दोन वर्षात आपण यात बसून नागपूरले जाऊ." इंडिगोमागच्या इंटरग्लोब कंपनीनं अमेरिकेच्या आर्चर या एअर टॅक्सी कंपनीसोबत २०२३ मध्ये सांगितलं होतं की २०२६ मध्ये दिल्लीच्या कनॉट प्लेसहून गुरुग्राम ७ मिनिटात, ते त्याले पाठ. मी म्हटलं बापा, जर्मनीच्या लिलियम कंपनीचं काय झालं ते पाय. ३६ पंख्यांचं विमान, पैसा अब्जात ओतला, ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर, प्रवासी एकही बसला नाई. व्होलोकॉप्टर, तीही जर्मनीचीच एअर टॅक्सी कंपनी, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रवासी नेणार होती, प्रवासी न्यायचं सर्टिफिकेट वेळेत भेटलं नाई, त्याच डिसेंबरात तीही दिवाळखोरीसाठी कोर्टात. ब्रिटनच्या व्हर्टिकल कंपनीचं यंत्र ऑगस्ट २०२३ मध्ये टेस्टिंगमध्ये पडलं, पंख्याचं पातं सुटलं होतं, नशीब आत कोणी नव्हतं.

अन् या सगळ्यांची मोठी अडचण तीच जी माझ्या धुऱ्यावर गरम होऊन पडली होती, बॅटरी. किलोभर पेट्रोलात साधारण १२,००० वॅट-तास, किलोभर चांगल्या लिथियम बॅटरीत २५०-३००. मोटर कितीही चांगली लावा, एवढं अंतर भरत नाई. पेट्रोल जळत जाते तसं विमान हलकं होते, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. त्यात सरळ वर उठायले अन् एका जागी थांबायले सगळ्यात जास्त करंट लागते. दहा लिटर औषधाले ही दशा, तर चार माणसं अन् त्यांच्या बॅगा घेऊन काय होईल, तुम्हीच हिशोब करा. सर्टिफिकेटले वर्षं लागते, तोवर पगार चालूच, पैसा आधी संपते.

लोकांचं म्हणाल तर युरोपात २०२१ च्या सर्व्हेत ८३ टक्के लोक एअर टॅक्सी अन् ड्रोनले पहिल्या झटक्यात चालेल म्हणाले, पण काळजी सेफ्टीची अन् आवाजाची, अन् जास्त पसंती ॲम्ब्युलन्ससारख्या कामाले. आमच्या गावातही सेम. पहिल्या दिवशी अर्धं गाव पाहाले आलं, दुसऱ्या दिवशी एका काकूची म्हैस बिचकली तर "आमच्या गोठ्यावरून नको नेऊ रे" सुरू. त्याच काकू संध्याकाळी विचारते, पावसात नाला भरला की पेशंट पलीकडे नेईल का हे? नेत असेल तर म्हशीचं पाहून घेऊ म्हणे.

तर एक मार्क बॅटरीपायी कापला, अर्धा पानाखालच्या तुडतुड्यांपायी. तूर फुलावर आली की पुन्हा यालेच बोलावणार. सकाळी सहाले ये, वारा नसते, अन् दोन बॅटऱ्या जास्त आण म्हटलं. हो म्हणाला, पण दोनशे रुपये ॲडव्हान्स घेऊनच गेला.