लालबाग-परळमधील नवी घरगुती खाद्यकेंद्रे: एक अभिप्राय

लालबाग आणि परळ भागांत गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, जुन्या चाळींच्या जागी पुनर्विकासाच्या इमारती आल्या आणि त्यांच्या तळमजल्यावरील लहान गाळ्यांत आता घरगुती जेवणाचे व्यवसाय सुरू होत आहेत. त्यांपैकी एका मालवणी पोळीभाजी केंद्राविषयी येथे मुख्यतः लिहीत आहे, कारण आपल्या वस्तीत कोण राहते आणि कोण येते याचा विचार या केंद्राने इतरांपेक्षा अधिक केलेला आहे.

पैसे घेऊन जेवू घालणे गिरणगावाला नवे नाही. गावी कुटुंब ठेवून आलेला कामगार पाळीच्या वेळेप्रमाणे एखाद्या बाईच्या खानावळीत जेवत असे, आणि अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तो संप चिघळला आणि या खानावळींचे हक्काचे गिऱ्हाईक तुटले. आजचे गिऱ्हाईक निराळे आहे: गिरण्यांच्या आवारांतील कार्यालयांत काम करणारी तरुण मंडळी, आणि केईएम व टाटा रुग्णालयांत आलेल्या रुग्णांचे नातेवाईक.

या नातेवाइकांसाठी केंद्रात सकाळपासून उकड्या तांदळाची पेज तयार असते. ती अर्धी वाटीही मिळते, मीठ मागाल तसे घालून देतात आणि घरून आणलेला डबा पुढे केला तर तो आधी गरम पाण्याने विसळून मगच त्यात भरतात. मोठ्या उपाहारगृहांच्या यादीत पेज सहसा सापडत नाही, आणि आजाऱ्याला तर नेमकी तीच हवी असते. मला ही या केंद्राची सर्वांत मोलाची सेवा वाटते.

दुपारच्या जेवणात बांगड्याचे तिखले मागवावे. तिरफळे ठेचून घातलेली असल्याने त्यांचा वास वाफेबरोबरच येतो, रस दाट असतो आणि आमसुलाची आंबटी तिखटाला झाकून टाकत नाही. मसाला लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या निवडून, भाजून आणि डंकावर कुटून घेतलेला आहे. त्याचा रंग गडद असला तरी जिभेला तो जाळत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ तितकीच चांगली आहे. घावन बिडाच्या तव्यावर, अर्ध्या कांद्याने तेल फिरवून घालतात. त्याला भरपूर जाळी सुटते आणि कडा कुरकुरीत राहतात. सोलकढी मात्र दुपारनंतर पातळ होत जाते, तेव्हा ती लवकर घ्यावी.

खरी तक्रार अ‍ॅपवरील मागण्यांविषयी आहे. ऐन दुपारी डबे भरण्याची घाई सुरू झाली की समोर उभ्या असलेल्या माणसाचे ताट मागे पडते, आणि रुग्णालयात परतण्याची घाई असलेल्यांना तिष्ठत राहावे लागते. शिवाय झाकणाच्या डब्यात घावन वाफेने लगदा होते; ते घरपोच विकूच नये.

आसपासच्या इतर नव्या गाळ्यांपैकी काहींनी थालीपिठावर चीज घालून वेगळेपणा साधला आहे. भाजणी खमंग असताना त्या चीजची गरज नव्हती. सणांच्या दिवसांत उकडीचे मोदक मागणीप्रमाणे करून देणारी घरे अधिक भरवशाची आहेत, पण त्यांना आधी सांगून ठेवावे लागते.

दराच्या बाबतीत या केंद्राला नावे ठेवायला जागा नाही. जवळच्या मॉलमध्ये दोघांच्या कॉफीला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात येथे एकाचे मासळीचे ताट होते. बसायला जागा थोडी आहे, म्हणून साडेबाराच्या आत पोहोचावे. पेज हवी असल्यास स्वतःचा डबा न्यावा.