एका डेस्कटॉपमध्ये दोन हार्ड डिस्क : आठ महिन्यांनंतर

जोडणी अशी : १ टीबी, ७२०० आरपीएमची (मिनिटाला तितके फेरे घेणारी) डिस्क विंडोज आणि प्रोग्रॅमसाठी, ४ टीबी, ५४०० आरपीएमची फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांसाठी. दोन्ही साडेतीन इंची, साटा (मदरबोर्डला डिस्क जोडायची नेहमीची पद्धत). आठ महिन्यांत दोन्ही डिस्क ठणठणीत राहिल्या. जो त्रास झाला तो केबल, उष्णता आणि विंडोज टाकतानाच्या घाईचा.

दुसरी डिस्क घ्यावी की आहे तिचेच सी आणि डी असे भाग पाडावेत? डिस्कच घ्यावी. एकाच डिस्कवर सी वरून डी वर फाइल नेताना तेच हेड वाचायला इकडे, लिहायला तिकडे धावत राहतं आणि वेग निम्म्याच्याही खाली येतो. दोन डिस्क असल्या की एक वाचते, दुसरी लिहिते. मोठे व्हिडिओ निदान सुरुवातीला सेकंदाला साधारण १४० एमबीने जातात. या वेगाला साटाचा जुना ३ जीबीपीएस पोर्टही पुरतो. मात्र काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (छोटी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची खाच) वापरात असेल तर एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. डिस्क दिसेना म्हणून ती परत करण्याआधी मदरबोर्डच्या पुस्तिकेतला तो तक्ता बघा.

विंडोज टाकताना फक्त पहिली डिस्क जोडलेली ठेवा. दोन्ही असतील तर बूटचा छोटा भाग कधी कधी दुसरीवर जाऊन बसतो. नंतर ती काढली की पहिली चांगली असूनही मशीन सुरू होत नाही.

मग दुसरी लावा. ती लगेच ‘धिस पीसी’मध्ये दिसणार नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइज करताना जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडा, एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल रचनेत क्विक फॉरमॅट करा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडली तर सुमारे २ टीबीपुढची जागा वापरताच येत नाही. ४ टीबीच्या ठिकाणी ३.६३ दिसतं, ती तूट नाही, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स इकडे आणायला प्रॉपर्टीजमधलं लोकेशन वापरा, पण आधी वेगळं फोल्डर तयार करा. थेट डी च्या मुळाशी नेलं तर ते पुन्हा जागेवर आणताना डोकेदुखी होते.

तिसऱ्या महिन्यात मोठी फाइल नेताना मशीन मधूनच थबकायला लागलं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये सी७, म्हणजे सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढत होता. हा दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा तिच्या जोडाचा असतो. क्लिप असलेली नवी साटा केबल लावल्यावर वाढ थांबली. जुना आकडा पुसला जात नाही, त्यामुळे तो वाढतोय का एवढंच बघायचं. ०५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) किंवा सी५ (खराब असल्याचा संशय असलेल्या जागा) वाढू लागले तर मात्र त्याच दिवशी डेटा बाहेर काढा.

एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) साटा पॉवरचा जोड कमी पडला तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडावरून) साटा करणारा तुकडा मिळतो. त्यातला प्लास्टिक ओतून बंद केलेला प्रकार घेऊ नका. आत तारा एकमेकींच्या फार जवळ येतात, शॉर्ट होऊन वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला घ्या. सुरू होताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, त्यामुळे जुन्या, दमलेल्या एसएमपीएसची परीक्षा चालू करतानाच होते.

डिस्क एकमेकींना चिकटून बसवू नका. मधला एक खण मोकळा, समोर १२० मिमीचा पंखा. मे महिन्यात चिकटलेल्या डिस्क ५२ अंशांवर गेल्या होत्या, अंतर ठेवल्यावर ४४ वर आल्या. चारही स्क्रू आवळा. दोनच लावले की दोन्ही डिस्कची थरथर मिळून पत्र्यातून घुमणारा आवाज येतो.

खरेदीआधी डिस्क सीएमआर (डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी) आहे की एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या, म्हणून पुन्हा लिहायला मंद) ते नक्की बघा. ही ४ टीबी एसएमआर निघाली : पहिले काही जीबी झटपट, मग वेग ३० एमबीवर. फोटो साठवायला चालते, रोज शेकडो जीबी लिहायला किंवा अनेक डिस्क एकत्र जोडायच्या रेड (RAID) मांडणीला नाही. पाकिटावरच्या नावावर विसंबू नका. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपल्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं. त्यानंतर सीएमआरसाठी रेड प्लस हे नाव आलं.

दुसऱ्या डिस्कवरची प्रत हा बॅकअप नव्हे. एकच एसएमपीएस, एकच कॅबिनेट. वीज उसळली तर दोन्ही एकदम जातात. यूपीएस हवाच. शिवाय दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधलीच फाइली नेणारी आज्ञा. त्यात ‘मिर’ (/MIR, प्रत मुळासारखी हुबेहूब करणारा) हा पर्याय देताना मूळ आणि प्रत यांचे पत्ते दोनदा तपासा : उलटे पडले तर जुनी प्रत मूळ फाइलींवर बसते आणि प्रतीत नसलेल्या नव्या फाइली पुसल्या जातात.