पत्ता : चहाचा गाडा, एसटी स्टँडमागं, कोल्हापूर

माझा चहाचा गाडा स्टँडच्या मागच्या अंगाला आहे. पहाटे साडेचारला भट्टी पेटते, त्यामुळं फुटपाथवर रात्री कोण नवीन झोपायला आलंय हे मला पोलिसांच्या आधी कळतं. हॉटेलांबद्दल सगळेच लिहितात. मी एका खोलीबद्दल लिहितो.

परीख पुलापलीकडं एका तालमीच्या माडीवर रोज संध्याकाळी ५ ते ८ अभ्यासिका चालते. स्टँडवर पिना-कंगवे विकणारी, स्टेशनवर झोपणारी, ऊसतोडीवाल्यांची, अशी पंचवीस-तीस पोरं येतात. पैसे नाहीत. चालवणाऱ्यांनीच नको म्हटलंय, म्हणून नाव लिहीत नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा भिंत दिसते. ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याखाली खडूनं नंबर आणि खिळ्याला दप्तर. ही या जागेची सगळ्यात भारी सोय. शिकवणं नंतर. गेल्या वळवात एक पोरगं पहाटे भिजलेली वही घेऊन माझ्या भट्टीजवळ बसलं होतं. एकेक पान सोडवून शेकत होतं. शाई उतरून सगळा पाढा निळा झाला होता. फुटपाथवर दप्तर म्हणजे पावसाचं, कुत्र्याचं नाहीतर चोराचं. आता पोरं खिळ्याला दप्तर लावून रिकाम्या हातानं झोपायला जातात. सकाळी ७ ला पैलवान माडी उघडतो, दप्तर उचलायचं की थेट शाळा.

दुसरं काम प्रवेशाचं. माझ्या गाड्याजवळ आजीसोबत राहणारी नऊ वर्षांची पोरगी आहे, आईबाप उसाच्या फडावर. आधी मीच तिला घेऊन एका शाळेत गेलो. "जन्मदाखला आणा, आधार आणा, पत्ता काय?" पोरगी पालात जन्मलेली, दाखला कुठला आणणार? दोन हेलपाटे झाले, बिनपाण्याची हजामत. मग इथल्या ताई सोबत आल्या, पर्समध्ये कायद्याची घडी घातलेली झेरॉक्स. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, ६ ते १४ वयाच्या पोरांसाठी. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीची टीसी नाही म्हणून अडवता येत नाही, आणि नऊ वर्षांच्या पोरीला पहिलीत नाही, वयाप्रमाणं वर्गात बसवून वेगळं शिकवायचं. ताई आवाज न चढवता एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेल्या. पाऊण तासात तिसरीत नाव. पत्त्याच्या रकान्यात ताईंनी माझ्याकडं बघितलं, "मामा, तुमचा गाडा लिहू?" म्हटलं, लिहा की.

शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोरगं शाळेत घालत नाही त्या बापाला महिन्याला १ रुपया दंड. त्यांच्याच गावात आज आजी शाळा मागत फिरते आणि शाळा कागद मागते. दंड कुणाला लावायचा ते दसरा चौकात पुतळ्याखाली उभं राहून ठरवावं.

हंगाम संपून एखादं कुटुंब गावाकडं निघालं, तर शाळेकडनं शिक्षण हमी पत्रक मिळवून हातात देतात. तिकडच्या शाळेत ते दाखवलं की वर्ग मागं पडत नाही.

आता तक्रारी. शिकवणारी कॉलेजची पोरं परीक्षा आली की गायब होतात, आणि नवीन ताई आली की पुन्हा पहिला धडा. रविवारी बंद, खरं तर त्याच दिवशी पोरं जास्त वेळ मोकळी असतात. पंखा एकच. खालून शड्डूचा आवाज येतो, पण पोरांची त्याला हरकत नाही, माझीही नाही. मोठी अडचण चौदाच्या पुढच्यांची. स्टेशनवर हमाली करणारा पंधरा-सोळाचा एक जण दोनदा जिना चढून परत आला. त्याला बाहेरून दहावीला बसायच्या १७ नंबरच्या फॉर्मबद्दल कुणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं. "बघू" एवढंच मिळालं. त्यासाठी एक स्टार कापला, पाचातले चार.

परवा शाळेतनं गाड्याच्या पत्त्यावर चिठ्ठी आली, पालकसभा, शनिवारी ११ वाजता. आजीला ऐकू येत नाही, तरी ती येणार म्हणते. पुतण्याला भट्टीवर बसवतो आणि दोघं जातो.