थोरल्या दवाखान्यात मावशीचा गळा आणि दहा पोरं

राधानगरीकडची आमची मावशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याला अजून ‘थोरला दवाखाना’च म्हणते. तिच्या गळ्याला गाठ आलेली, म्हणून तिला घेऊन गेलो.

माझा धंदा बांधकामाचा, त्यामुळं नजर आधी दगडाकडं गेली. काळा घडीव दगड, टोकदार कमानी. संस्थानकाळात हे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. समोरचा टाऊन हॉल आणि न्यू पॅलेसही त्याचाच. न्यू पॅलेस १८८४ ला पुरा झाला, पण हा गडी १८८१ लाच गेला, बघायला राहिला नाही. पुढं दवाखान्याला छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव मिळालं, त्याचंच सीपीआर.

खरा बदल मात्र २००० च्या सुमारास राजर्षी शाहूंच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आलं तेव्हाचा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी ते जोडलेलं. दगड जुना, पण आत शिकणारी पोरं आली, आणि पेशंटला त्याचा काय उपयोग होतो ते ओपीडीत दिसलं.

मोठे सर आले, मागं आठ-दहा विद्यार्थी. मावशी बावरली. एका पोरीनं “आज्जी, पाठीमागनं गळा बघू का?” असं विचारून हात लावला. मग मावशीला पाण्याचा घोट गिळायला सांगितलं. गाठ वर सरकली. सरांनी लगेच पोरांना धरलं, “का सरकली?” दोघं गप्प. तिसरा म्हणाला, “थायरॉइड श्वासनळीला बांधलेली असते, म्हणून गिळताना तिच्याबरोबर वर जाते.” परत घोट, परत गाठ. प्रत्येकाला बघायचं होतं, त्यामुळं मावशीच्या पोटात तांब्याभर पाणी गेलं! पण तिची सगळी कहाणी कोणीतरी नीट लिहून घेतली. सासूलाही अशीच गाठ होती, हे तर आम्हालाही तिथंच कळलं. खाजगीत एका ठिकाणी डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली होती, ते आठवलं.

सोनोग्राफी झाली, सुई घालून गाठीतलं पाणी तपासायला गेलं. साधी गाठ निघाली.

वेळ जातो, हे धरूनच जा. निपाणीपासून कोकणापर्यंतची माणसं इथं येतात, त्यामुळं केसपेपरच्या खिडकीवर सकाळी लवकर उभं राहिलेलं बरं. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, ऑपरेशन निघालंच तर सरकारी जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारी योजनेची माणसं, तेच मागतात. पोरांच्या गर्दीत कपडा बाजूला करायला संकोच वाटत असेल, तर तसं सरळ सांगा. आणि जुने रिपोर्ट पिशवीत कोंबून नेऊ नका, तारखेप्रमाणं लावून न्या. शिकणारी पोरं ते खरंच वाचतात.