जुन्या एक्सपीवरच्या मराठी डीटीपीसाठी व्हर्च्युअलबॉक्स: कुठे अडतं आणि कसं सुटतं

छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत अजूनही एखादा जुना पीसी केवळ पानं जुळवणारा पेजमेकर आणि मराठी फॉन्टांची श्रीलिपी किंवा आयएसएम यांच्यासाठी जपून ठेवलेला असतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक यांच्या कैक वर्षांच्या फायली त्याच फॉन्टांत आहेत. विंडोज एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, आणि त्या पीसीचा मदरबोर्ड गेला तर जोडीचा सहजी मिळत नाही. अशा वेळी ती एक्सपी नव्या पीसीच्या (होस्टच्या) आत गेस्ट म्हणून, म्हणजे एका आभासी पीसीत, चालवणं हा सगळ्यांत व्यवहारी मार्ग. त्यासाठी असा आभासी पीसी (व्हर्च्युअल मशीन) बनवणारा ओरॅकलचा व्हर्च्युअलबॉक्स आम्ही बिनदिक्कत सुचवतो. मात्र त्याबद्दल येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा एकाच चुकीतून येतात: जुन्या गेस्टला नव्या पद्धतीचं हार्डवेअर दिलं जातं.

मशीन बनवताना व्हर्जनच्या जागी ‘विंडोज एक्सपी ३२ बिट’ निवडा. ‘अदर’ किंवा ‘विंडोज १०’ निवडून पुढे गेलात की घोळ सुरू होतो, कारण त्या निवडीवरून व्हर्च्युअलबॉक्स आतलं हार्डवेअर ठरवतो. एक्सपीच्या सीडीत साटाचा (डिस्क जोडण्याच्या नव्या पद्धतीचा) एएचसीआय ड्रायव्हर नसतो, त्यामुळे डिस्क जुन्या पद्धतीच्या आयडीई कंट्रोलरवर, पीआयआयएक्स ४ प्रकाराखाली हवी. साटावर लावली तर सेटअपला डिस्क सापडत नाही, आणि आधीच बसवलेली एक्सपी निळ्या पडद्यावर ७बी हा स्टॉप कोड दाखवून थांबते. नेटवर्क कार्डाचंही तेच. इंटेल प्रो १००० एमटी डेस्कटॉप दिलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह येतं. पीसीनेट फास्ट ३ चा ड्रायव्हर एक्सपीत मुळातच आहे. ग्राफिक्स कंट्रोलर व्हीबॉक्सव्हीजीए ठेवा. मेमरी ५१२ एमबी ते १ जीबी, प्रोसेसर एक, डिस्क २० जीबी, एवढ्यात पेजमेकर सुरेख पळतो. ‘जास्त दिलं तर जास्त वेगात चालेल’ हा हिशोब इथे लागू होत नाही.

नवी मशीन बनवताना आयएसओ (सीडीची प्रतिमा-फाइल) दाखवली की व्हर्च्युअलबॉक्स इन्स्टॉलेशन आपणहून करायला निघतो. ते अनअटेंडेड इन्स्टॉल एक्सपीसाठी बंद ठेवा आणि सेटअप हातानेच करा. अ‍ॅक्टिव्हेशनची घाईही नको. एक्सपी हार्डवेअरची नोंद ठेवते. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक), मेमरी, डिस्क यांत बरेच बदल झाले की पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागते. आधी सगळी सेटिंग पक्की करा, मग अ‍ॅक्टिव्हेट करा. पुढे मशीनची नक्कल (क्लोन) काढताना मॅक पत्ते तेच ठेवण्याचा पर्याय निवडायचा, हेही त्याच कारणासाठी.

जुन्या पीसीची हार्डडिस्क जशीच्या तशी इमेज करून आणली असेल तर दोन अडचणी ठरलेल्या. पहिली तोच ७बी कोड: डिस्क आयडीईवर लावूनही तो येत असेल तर जुन्या चिपसेटचा ड्रायव्हर आड येतोय. जुना पीसी चालू आहे तोवर त्यावर मर्जआयडीई हे छोटं टूल चालवा आणि मग इमेज घ्या. दुसरी अडचण म्हणजे बूट होताना काळ्या पडद्यावर अडकणं. जुना पीसी दोन कोरचा असेल तर त्यावरच्या एक्सपीला आयओ एपिक लागतो, म्हणून सिस्टीमच्या पानावर ती खूण चालू करा. आयओ एपिक चालू ठेवून बसवलेल्या विंडोजवरून तो नंतर काढू मात्र नका, गेस्ट उठणार नाही.

आता सगळ्यांत जास्त ओरड होते ती वेगाची. गेस्टच्या खिडकीत खाली उजवीकडे चिपचं छोटं चित्र असतं. तिथे हिरवं कासव दिसलं तर दोष एक्सपीचा नाही. होस्ट विंडोजचा स्वतःचा व्हर्च्युअल मशीनचा भाग, हायपर-व्ही, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आधीच धरून बसलेला असतो आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. खात्री करायची तर मशीनच्या मेनूतून लॉग उघडा आणि ‘स्नेल एक्झिक्युशन मोड’ हे शब्द शोधा. उपाय क्रमाने असा: ‘विंडोज फीचर्स’मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींच्या खुणा काढा. मग विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी बंद करा. रीस्टार्ट करूनही कासव जात नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर बीसीडीएडिटने हायपरव्हायझर लाँच टाइप ‘ऑफ’ करा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. याची किंमत मोजावी लागते: डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) आणि त्यावर चालणारा डॉकर बंद पडतात, आणि मेमरी इंटिग्रिटी काढल्याने होस्टचं एक संरक्षण जातं. ज्या पीसीवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मेमरी इंटिग्रिटी राहू द्या आणि कासव सहन करा. मजकूर जुळवायला तो वेग पुष्कळदा पुरतो.

स्क्रीन ६४० किंवा ८०० वर अडकली, माउस खिडकीत कोंडला, शेअर केलेलं फोल्डर दिसेना, या तिन्हींवर उपाय एकच: गेस्ट अ‍ॅडिशन्स. डिव्हाइसेस मेनूतून सीडी घालायची, सेटअप चालवायचा, रीस्टार्ट. तोवर माउस सोडवायला उजवं कंट्रोल बटण दाबा. शेअर फोल्डर एक्सपीत ‘व्हीबॉक्सएसव्हीआर’ या नावाखाली येतं; त्याला ड्राइव्हचं अक्षर देऊन टाका, ऑपरेटरला सोपं जातं. या फोल्डरला नेटवर्क लागत नाही, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. म्हणजे सेटअप आणि अ‍ॅक्टिव्हेशन उरकल्यावर नेटवर्क कार्डाची ‘केबल कनेक्टेड’ खूण काढून टाकता येते. एक्सपीला इंटरनेटवर ठेवू नका, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो.

डोंगलसाठी, म्हणजे फॉन्ट सॉफ्टवेअरच्या पोर्टात लावायच्या किल्लीसाठी, पूर्वी यूएसबी २ हवा असला की व्हर्च्युअलबॉक्सचा वेगळा एक्स्टेंशन पॅक लागायचा. तो व्यक्तिगत आणि शैक्षणिक वापराला मोफत, धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आहेत, त्यामुळे छापखान्याचं काम पॅकशिवाय भागतं. एक्सपीसाठी यूएसबी २ निवडा, कारण ३ च्या एक्सएचसीआयचा ड्रायव्हर तिच्याकडे नाही. मग डोंगल लावून यूएसबीच्या पानावर त्याचा फिल्टर जोडा. फिल्टर आपोआप भरला जातो, त्यातले वेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी तेवढे ठेवून बाकी रकाने मोकळे करा. नाहीतर दुसऱ्या पोर्टात लावलेला डोंगल ओळखला जात नाही. होस्ट लिनक्स असेल तर यूजर ‘व्हीबॉक्सयूजर्स’ ग्रुपात हवा, आणि एकदा लॉगआउट करायला हवं. डोंगल जुन्या पॅरलल पोर्टाचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या भरवशावर राहू नका. आधी फॉन्टवाल्यांकडून तो बदलून मिळतो का ते पाहा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पेजमेकरमधला मजकूर शेअर क्लिपबोर्डने होस्टवर आणला की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि दोष क्लिपबोर्डवर जातो. जुन्या फॉन्टांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. होस्टवर तो फॉन्ट नाही, म्हणून खालची मूळ अक्षरं उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा, आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांखालून घाला. छपाईला द्यायचं काम एक्सपीतच पीडीएफ करून शेअर फोल्डरात टाका, म्हणजे फॉन्ट सोबत जातात.

स्नॅपशॉटची, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपण्याची, सोय उत्तम आहे, पण त्याला बॅकअप समजू नका. स्नॅपशॉट घेतल्यावरचे बदल वेगळ्या फाइलीत साठतात आणि त्या फायली एकमेकींवर अवलंबून असतात. होस्टची डिस्क भरली म्हणून स्नॅपशॉट्सच्या फोल्डरातली एखादी फाइल हाताने उडवली तर त्यानंतरचं काम गेलं. काढायचा तर मॅनेजरमधूनच काढा, आणि आधी होस्टवर पुरेशी जागा करा, कारण फायली एकत्र होताना जागा लागते. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करण्यापूर्वी गेस्ट रीतसर शटडाउन करा. सेव्ह स्टेट (चालू स्थितीत थांबवून ठेवलेली मशीन) नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. खरा बॅकअप म्हणजे सगळं बसवून झाल्यावर ‘एक्स्पोर्ट अप्लायन्स’ने काढलेली ओव्हीए फाइल, बाहेरच्या डिस्कवर. नुसती व्हीडीआय (मशीनच्या डिस्कची फाइल) कॉपी करून त्याच पीसीवर जोडायला गेलात तर यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) आधीच वापरात असल्याची चूक येते. कॉपी मीडिया मॅनेजरमधून काढा.

एम मालिकेच्या प्रोसेसरचा ॲपलचा मॅक संगणक असेल तर यातलं काहीच लागू नाही. ७.१ पासून व्हर्च्युअलबॉक्स त्यावर चालतो, पण फक्त आर्म प्रकारच्या प्रोसेसरचे गेस्ट घेतो आणि एक्सपी इंटेल प्रकारच्या प्रोसेसरची आहे. तिथे यूटीएम हा अशाच कामाचा दुसरा प्रोग्राम वापरून बघा, वेग कमी मिळेल हे धरून.