आत कोणी आहे का? चैतन्याविषयीची काही मतं, शेजारी शेजारी ठेवून

कोकणात गावोगाव अशी घरं आहेत: मुलं मुंबई-पुण्याला, घरी वयस्कर आई किंवा वडील, आणि देखरेखीला ठेवलेली एक बाई. त्यातल्या एखाद्या घरात स्मृतिभ्रंश शिरतो. मग सुट्टीत जमलेली भावंडं पडवीत बसून बोलू लागतात. एक म्हणतो, "आई आता राहिलीच नाही, नुसतं शरीर उरलंय." दुसरी म्हणते, "असं कसं? आत्मा तोच आहे. तिला आतून सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही." तिसरा एमआरआयचा रिपोर्ट काढतो आणि मेंदू किती आक्रसलाय ते दाखवतो. तिघंही मनाच्या तत्त्वज्ञानातली एकेक बाजू लढवत असतात. कोणाची बाजू वरचढ ठरते यावर त्या आईचे पुढचे दिवस कसे जाणार हे ठरतं. तिच्याशी बोलायचं की तिच्यासमोर तिच्याविषयी बोलायचं, कुठे दुखतंय का हे विचारायचं की नाही, सगळंच.

ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांच्यासाठी ही मतं इथे मांडतो. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारणार आहे: स्मरण, ओळख, भाषा हे सगळं गेल्यावरही अनुभवणं उरू शकतं का? ज्या मताला हा फरकच करता येत नाही ते कितीही नामवंत असलं तरी अशा घरात उपयोगाचं नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे.

देकार्तचं द्वैत

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने १६४१ मध्ये मांडलेलं मत आपल्याला ऐकल्याबरोबर पटतं. मन म्हणजे विचार करणारं, जागा न व्यापणारं द्रव्य. शरीर म्हणजे जागा व्यापणारं यंत्र. म्हाळाला कावळ्यासाठी पान ठेवणाऱ्या माणसाला यात नवं काहीच वाटत नाही. या मतातली फट दोनच वर्षांनी, १६४३ मध्ये, बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने पत्रातून दाखवली. मन जागाच व्यापत नसेल, तर ते शरीराला ढकलतं कसं? देकार्तने मेंदूच्या मध्यावरच्या पिनियल ग्रंथीत दोघांची गाठ घातली होती, पण ग्रंथी हेही शरीरच. प्रश्न होता तिथेच राहिला, आणि आजही तो तिथेच आहे.

आपल्या प्रश्नाला या मताचं उत्तर आणखीनच अडचणीचं आहे. देकार्त विचार, शंका, इच्छा हे सगळं मनाच्या खात्यात टाकतो. मग मेंदूला इजा झाली की नेमकं तेच का बिघडतं? १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये फिनियस गेज या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण त्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं की मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेना. (ही हकीकत पुढे फार फुगवली गेली. गेजने नंतर चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं, हे सांगणारे कमी.) स्वभावच मेंदूबरोबर बदलत असेल, तर "आत ती जशीच्या तशी आहे, फक्त सांगता येत नाही" असं म्हणणं कठीण होतं. या दिलाशाच्या भरवशावर मी तरी कोणाला राहू देणार नाही.

जडवाद

चैतन्य हे जड शरीरातूनच उपजतं, असं हे मत. ते परदेशातून आलंय असं समजू नका. आपल्याकडचे जुने जडवादी चार्वाक म्हणत की किण्वापासून, म्हणजे आंबवणापासून, मादकता उपजावी तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू या भूतांपासून चैतन्य उपजतं. माडी काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पहाटे उतरवलेला रस गोड नीरा असतो आणि ऊन चढेपर्यंत त्याचीच माडी होते. नशा वेगळी आणून ओतावी लागत नाही. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ यू. टी. प्लेस (१९५६) आणि जे. जे. सी. स्मार्ट (१९५९) यांनी हेच मेंदूच्या भाषेत सांगितलं: वीज चमकणं म्हणजे जसा विद्युतभाराचा झोत, तशी वेदना म्हणजे मेंदूतली एक प्रक्रिया.

जडवादाचं मोठं पुण्य म्हणजे तो माणसाला डॉक्टरकडे पाठवतो. गोंधळलेलं प्रत्येक म्हातारं माणूस अल्झायमरचंच असतं असं नाही. बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंदावणं यानेही विसरभोळेपणा येतो. दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागणं सुरू झालं तर कधी कधी साधा लघवीचा संसर्ग निघतो आणि औषधाने माणूस ताळ्यावर येतो. "कर्माचे भोग" म्हणून गप्प बसणाऱ्या घरात हे कळायला उशीर होतो.

शिवाय काय जातं आणि काय राहतं, याचा नकाशाही मेंदूच्या अभ्यासानेच दिला. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, लवकर झिजतो, म्हणून सकाळी जेवलेलं आठवत नाही आणि माहेरचा वाडा आठवतो. हाताच्या सवयींची यंत्रणा निराळी असल्याने त्या पुष्कळ काळ टिकतात. माझ्या आत्याचं हेच झालं होतं. लेकीचं नाव सांगता येत नव्हतं, पण मे महिन्यात समोर रातांब्यांची पाटी ठेवली की एकेक फळ दोन बोटांत दाबून फोडायची, बी आणि गर पातेल्यात, साल परातीत. एखादं किडकं फळ आलं तर बघायची, तोंड वाकडं करायची आणि पडवीबाहेर भिरकावायची. कामावरच्या बाईने मात्र ठरवून टाकलं होतं की तिला काही कळत नाही. न्हाणीत नेऊन न सांगता अंगावर तांब्या उपडा करायची. पाणी थंड असलं की आत्या दोन्ही हात छातीशी घेऊन आक्रसायची. नाव न आठवणारी आणि गारठणारी बाई एकच होती.

जडवादाची मर्यादा इथेच सुरू होते. १९७४ मध्ये तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने विचारलं की वटवाघूळ असणं *त्या वटवाघळाला* कसं वाटतं. मेंदूचं वर्णन कितीही पुरं केलं तरी हा प्रश्न उरतोच. फ्रँक जॅक्सनने १९८२ मध्ये मेरी नावाच्या शास्त्रज्ञ बाईची कल्पना केली. तिला रंगांविषयी सारं विज्ञान ठाऊक, पण आयुष्य काळ्या-पांढऱ्या खोलीत गेलेलं. आपल्याकडे मांडायचं तर जन्मतः वास न येणारी बाई सुरंगीच्या सुगंधातला प्रत्येक रेणू ओळखते. पुढे कधी तिचं नाक उघडलं आणि वेंगुर्ल्याकडचा सुरंगीचा वळेसर हातात आला, तर तिला काही नवं कळलं की नाही? कळलं असं मला वाटतं. जडवादी म्हणतात, तिला नवी माहिती मिळाली नाही, वास ओळखण्याची नवी क्षमता मिळाली. खुद्द जॅक्सनही पुढे जडवादाकडे वळला. म्हणजे या युक्तिवादावर सगळा भार टाकणंही शहाणपणाचं नाही.

कार्यवाद आणि आजच्या प्रयोगशाळा

तत्त्वज्ञ हिलरी पटनमने १९६० च्या दशकात म्हटलं की मन कशाचं बनलंय याला महत्त्व नाही, ते काय काम करतं याला आहे. ऑक्टोपसचा मेंदू आपल्याहून निराळा असला तरी त्याला वेदना होऊ शकते, हे यातून सहज निघतं. खेकडा, ऑक्टोपस, उद्याचं यंत्र यांच्याविषयी ठरवायचं असेल तर हे मत पहिल्यांदा वाचावं. माणसाच्या खाटेपाशी मात्र ते ढोबळपणे वापरलं की घात होतो, कारण काम बंद पडलं म्हणजे मन संपलं असा हिशेब लोक पटकन करतात.

तो हिशेब किती चुकू शकतो हे २००६ मध्ये दिसलं. अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणारी, जाणीवच नाही असं निदान झालेली एक २३ वर्षांची तरुणी. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग सांगितलं, आपल्या घराच्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कल्पना कर. दोन्ही वेळा तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखेच वेगवेगळे भाग जागे झाले. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सूचनांना बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना पाळत असल्याचं त्यात आढळलं, म्हणजे चारातला एक. हे रुग्ण मेंदूला इजा झालेले होते, स्मृतिभ्रंशाचे नव्हेत. आकडा इकडचा तिकडे लावू नये. पण बाहेर दिसतं तेवढंच आत असतं, ही समजूत यानंतर धरून ठेवता येत नाही.

चैतन्य नेमकं कशात आहे यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. एक गट म्हणतो, माहिती मेंदूभर प्रसारित झाली की जाणीव होते; जुलिओ टोनोनीचा गट म्हणतो, माहिती एकसंध गुंफली गेली की होते. २०२३ मध्ये १२४ अभ्यासकांनी सही करून टोनोनीच्या सिद्धान्ताला छद्मविज्ञान म्हटलं. २०२५ मध्ये दोन्ही गटांनी मिळून केलेल्या प्रयोगांचे निकाल आले, त्यात दोन्ही सिद्धान्तांची काही भाकितं फसली. मेंदूतली चैतन्याची खूण २५ वर्षांत सापडेल अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉखने १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्सशी लावली होती. २०२३ मध्ये तो ती हरला.

सांख्य, वेदान्त, बौद्ध

सांख्याचं द्वैत आणि देकार्तचं द्वैत एकच, असं पुष्कळांना वाटतं. रेघ साफ वेगळ्या जागी आहे. सांख्याचा मुख्य ग्रंथ असलेल्या ईश्वरकृष्णाच्या कारिकांमध्ये बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जड. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, फक्त साक्षी. तो विचार करत नाही, ठरवत नाही, आठवत नाही. देकार्त ज्याला मन म्हणून शरीराबाहेर काढतो, त्यातलं जवळजवळ सगळं सांख्य शरीराच्याच बाजूला ठेवतं. त्यामुळे गेजची पहार सांख्याला लागत नाही. बुद्धी बिघडली, अहंकार विस्कटला, तरी साक्षित्व वेगळं.

हे वाचून लगेच समाधान मानू नये. पुरुषाला जे दिसतं ते बुद्धीतूनच दिसतं. बुद्धी विस्कटली तर दिसणंही विस्कटलेलंच. म्हणून "तिला आतून सगळं कळतं" याला सांख्याचा आधार नाही. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसावा तसं प्रकृती-पुरुषाचं चालतं हा कारिकेतला दाखला. त्यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नेमकं बोट ठेवलं की लंगडा निदान बोलून वाट दाखवतो, तुमचा पुरुष तर काहीच करत नाही. म्हणजे एलिझाबेथचाच प्रश्न, कित्येक शतकं आधी. आणि मेंदूत काहीही घडलं तरी साक्षी अबाधितच म्हणायचा असेल, तर ते तपासायचं कसं, हा माझा आक्षेप.

अद्वैत वेदान्त गाढ झोपेचा दाखला देतं: जागं झाल्यावर "सुखाने झोपलो, काही कळलं नाही" असं आपण म्हणतो, अर्थात त्या न कळण्यालाही कोणी साक्षी होतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, ते जागं झाल्यावर केलेलं अनुमान आहे. चैतन्य हा आत्म्याचा येणारा-जाणारा गुण आहे. मला इथे नैयायिकांचं जास्त पटतं.

बौद्धांनी मात्र माझ्या प्रश्नाला सर्वांत उपयोगी उत्तर दिलं. आत कोणी कायमचं बसलेलं नाही, आहेत ते पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच गट. त्यांच्या यादीत वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव आणि संज्ञा म्हणजे ओळखणं हे दोन वेगळे मोजलेत. संज्ञा क्षीण झाली एवढ्यावरून वेदना संपली असं म्हणायला जागाच राहत नाही.

हा फरक प्रयोगानेही दिसला. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते नीट सांगता येईना, पण उदासी किंवा आनंद टिकून राहिला. प्रसंग गेला, भावना उरली.

मग कोणती बाजू घ्यावी?

अभ्यास म्हणून निवडणार असाल तर सांख्य आणि जडवाद एकत्र वाचा. दोघं एकमेकांच्या दुबळ्या जागा उघड्या पाडतात. यंत्रं आणि प्राणी यांच्यात रस असेल तर कार्यवादापासून निघा. धार्मिक घरातले असाल तर श्रद्धा सोडायची गरज नाही, पण आत्मा अविनाशी आहे म्हणून तपासण्या टाळू नका. जडवादी असाल तर रिपोर्टमधल्या आक्रसलेल्या मेंदूवरून "ती गेली" असा निकाल देऊ नका. तो तुमच्या शास्त्रानेही दिलेला नाही.

घरात रुग्ण असलेल्यांना माझा सल्ला सरळ आहे. तपासायची रीत जडवाद्यांची घ्या आणि रेघ सांख्य-बौद्धांची: ओळखणं एका बाजूला, अनुभवणं दुसऱ्या. मग काही गोष्टी आपोआप ठरतात. पाणी ओतण्याआधी सांगायचं. कूस बदलताना चेहऱ्याकडे बघायचं, कारण दुखतंय हे तिथेच दिसेल. डॉक्टरांशी तिच्याविषयी बोलायचं असेल तर बाहेर अंगणात जाऊन बोलायचं. आणि "मी कोण, सांग बघू" हा खेळ कोणी करू नये. स्वतःच नाव सांगावं, जवळ बसावं. त्या परीक्षेत नापास झाल्याची लाज, परीक्षा विसरल्यानंतरही तिच्याकडे शिल्लक राहू शकते.